हातच्या काकणाला

ऑगस्टात इथे थंड पाण्याचा नळ सोडला
तरी कढत पाणी येतं.
गच्चीवरच्या टाक्या रात्रभरही निवत नाहीत.
खोलीतल्या साऱ्याजणी त्या नळाला शिव्या घालतात.
मी पहाटे चारला, बांग व्हायच्या आधी,
दोन्ही मनगटं त्याच्याखाली धरून उभी असते.
वीस मिनिटं. कधी पंचवीस.
मग बोटं एकेक करून कामावर रुजू होतात.

मी केकवर नावं लिहिते,
रुवीच्या मागच्या गल्लीत, अन्सारींच्या बेकरीत.
नूरा, जोसेफ, आणि उजवीकडून डावीकडे ‘मुबारक’.
अरबी वाचता येत नाही, वळणं पाठ आहेत.
एप्रिलात ‘मुबारक’चं शेवटचं अक्षर फाटलं.
अन्सारी म्हणाले, झोप नाही का झाली?

पहिला डॉक्टर म्हणाला, रिपोर्ट स्वच्छ आहे.
या वयात कुठला संधिवात,
मोबाईल कमी करा.
बारा रियाल.
आईचा महिन्याचा किराणा.

दुसरी डॉक्टर सुदानची, इन्तिसार नावाची.
नर्सने पासपोर्टवरचं अख्खं नाव पुकारलं :
वैजयंता दगडू खरमाटे.
दादांचं नाव मस्कतच्या त्या गारठलेल्या हॉलमध्ये
असं दणकन पडलं
की उठायच्या आधी मी ओढणी सावरली.

तिने रिपोर्ट पालथा ठेवला.
अंगठ्याने मनगट दाबलं
आणि मनगटाकडे नाही, माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.
मी ओरडले नाही. तिला दिसलं.
हाडाभोवती गोल सूज होती,
काकणासारखी.
आरसा कशाला हवा होता.

काहींच्या रक्तात सापडत नाही, ती म्हणाली,
सावकाश, मला कळेल अशा इंग्रजीत.
वय? तेवीस.
लग्न? नाही.
ठरतंय?
तीन पत्रिका आल्यात, हे इंग्रजीत कसं सांगतात?
गोळी आठवड्यातून एकदाच.
पाकिटावर तिने वार लिहिला, खाली दोनदा रेघ ओढली.
ही चालू असेतो मूल नाही,
असं म्हणाली, जसं आम्ही नव्या पोराला सांगतो :
ओव्हन तापलेला असताना दार उघडायचं नाही.

मनगटाच्या जोरावर गेली माझी पोर,
दादा चावडीवर सांगायचे.
त्यांचं मनगट कोयत्याचं.
सहा महिने कारखान्याचा ऊस,
उरलेले सहा महिने त्या मनगटाच्या गोष्टी.
सकाळी त्यांचाही हात वळत नसे,
आई चहाचा पेला त्यांच्या ओठांना लावायची.
आम्ही त्याला थंडी म्हणायचो.
उन्हाळ्यातसुद्धा.

व्हिडिओ कॉलला फोन मिठाच्या बरणीला टेकवते,
पट्टा टेबलाखाली.
आई विचारते, बांगड्या कुठायत?
बेकरीत चालत नाहीत, म्हणते.
खोटं नाही ते.

गुरुवारी रात्री गोळी,
शुक्रवारी सुट्टी आणि मळमळ.
व्हॅनिलाचा वास आता माझा शत्रू आहे,
आणि माझ्या केसांतून तो जात नाही.
मॅरिविक उशाशी लिंबाची फोड ठेवून जाते,
काही विचारत नाही.
सध्या काउंटरवर बसते मी. अन्सारींनी पगार कापला नाही,
पण केकवरची नावं आता एक नेपाळी मुलगा लिहितो.
त्याचा ‘र’ चांगला येतो. राग येतो.

आज अकरावा आठवडा.
नळ तसाच सोडून मी पाण्याची बाटली घेतली,
झाकण फिरवलं.
पाव वेढा. थोडं अजून.
मॅरिविकने हात पुढे केला.
मी म्हटलं, थांब.
ती थांबली.
आम्ही दोघी त्या निळ्या झाकणाकडे बघत राहिलो,
दूध उतू जायची वाट बघावी तसं,
तेवढ्यात आतून कुणीतरी ओरडलं,
अगं बंद करा तो नळ,
टाकी संपेल.